घडवंची, गाडगे आणि खंजिरी : वऱ्हाडच्या वारशाची मांडणी



प्रदर्शन हा शब्द वऱ्हाडला नवा नाही. अमरावती असो वा अकोला, मंगल कार्यालयाच्या दारावर ‘भव्य प्रदर्शन व विक्री’ असा कापडी फलक लागला नाही असा महिना क्वचितच जातो. परंतु गेल्या काही वर्षांत मुंबई, पुणे, दिल्ली अशा शहरांतून निराळ्या प्रकारची प्रदर्शने भरू लागली आहेत. तेथे एकाच दालनात लाकडी आसन असते, भिंतीवर चित्र असते, कोपऱ्यात मातीचे भांडे असते आणि संध्याकाळी त्याच जागी सतार किंवा सारंगी वाजते. लाकूडकाम, चित्रकला, मृत्तिकाकला आणि संगीत यांचा सांस्कृतिक वारशाशी मेळ घालणारा हा उपक्रम ‘डिझाईन प्रदर्शन’ या नावाने ओळखला जातो. अशा प्रदर्शनात वऱ्हाडने आपले म्हणून काय मांडावे, आणि जे मांडायचे ते मांडण्यापुरते तरी शिल्लक राहील काय, हे दोन प्रश्न या व्याख्यानाचा विषय आहेत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे लागेल की, आज ज्या चार कला चार वेगळ्या व्यवसायांत विभागल्या गेल्या आहेत, त्या जुन्या घरात एकत्रच नांदत होत्या. वऱ्हाडातील जुन्या वाड्याची ओसरी डोळ्यांसमोर आणावी. सागवानी खांब, कोरीव तुळया, कड्यांचा झोपाळा, बैठकीवर लोड-तक्के आणि खाली सुती सतरंजी. आतल्या बाजूला घडवंची आणि तिच्यावर पाण्याचे हंडे, कळश्या, माठ. देवघराच्या भिंतीवर सणावारी काढलेली चित्रे आणि खुंटीला अडकवलेले टाळ. घडवंची हे फर्निचर, माठ ही मृत्तिकाकला, भिंतीवरील रेखाटन ही चित्रकला आणि टाळ हे संगीत, अशी विभागणी त्या घरातील कोणाच्या स्वप्नातही आली नसती. घडवंचीची उंची कमरेशी जुळे, कारण भरलेला हंडा उचलणाऱ्या बाईला वाकावे लागू नये. उपयोग आणि शोभा यांचे एकच मोजमाप असे, आणि ते माणसाच्या शरीरावरून घेतलेले असे.

हे शहाणपण ओळखण्यासाठी कधीकधी परक्या डोळ्यांची गरज भासते. १९५५ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट या संस्थेने भारतीय वस्त्रे आणि अलंकार यांचे मोठे प्रदर्शन भरविले. त्याची मांडणी अलेक्झांडर जिरार्ड या अभिकल्पकाने केली होती. विशेष असे की, तेथे केवळ कापड टांगून ठेवलेले नव्हते. त्याच निमित्ताने उस्ताद अली अकबर खाँ यांचे सरोदवादन अमेरिकेने ऐकले आणि सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ हा चित्रपट त्याच संस्थेत प्रथम दाखविला गेला. वस्त्राबरोबर सूर आणि सुराबरोबर चित्र, अशी ही सांगड होती. हातमाग आणि हस्तकला यांसाठी आयुष्य वाहिलेल्या श्रीमती पुपुल जयकर आणि अमेरिकेतील प्रख्यात अभिकल्पक चार्ल्स ईम्स यांची भेट याच प्रदर्शनाच्या निमित्ताने झाली.

पुढे भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे दांपत्य या देशात आले, त्यांनी गावोगाव फिरून पाहणी केली आणि १९५८ साली सरकारला अहवाल सादर केला. खुर्च्या आणि घरे यांच्या रचनेसाठी जगभर नावाजलेल्या या दांपत्याने भारतातील सर्वोत्तम रचना म्हणून कोणत्या वस्तूचा गौरव करावा? ना राजवाड्याचा, ना मंदिराचा; त्यांनी गौरव केला तो साध्या लोट्याचा. लोटा घडविणाऱ्याला कोणकोणते प्रश्न सोडवावे लागले असतील, याची त्यांनी यादीच केली. तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरलेला असताना आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहील, ओतताना धार कशी पडेल, दुसऱ्या भांड्याला लागला तर आवाज कसा येईल, त्याला लागणाऱ्या धातूचे मोल काय, आणि तो बाळगताना, विकताना किंवा कोणाला देताना मनाला काय वाटेल. व्यापार करणाऱ्या माणसाने हे शेवटचे प्रश्न विशेष लक्षपूर्वक वाचावेत. लोट्याचा कर्ता कोणी एक नव्हता. अनेक पिढ्यांच्या हातांनी तो घासून-पुसून सिद्ध झाला होता. या अहवालाच्या प्रेरणेतून १९६१ साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली आणि तिच्या उभारणीत गौतम व गिरा साराभाई या बंधुभगिनींचा मोठा वाटा होता. ज्या लोट्याला घरोघरी मोडीत काढले जात होते, त्याच्याकडे पाहून एक राष्ट्रीय संस्था उभी राहावी, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

परंतु परक्यांनी पाहण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रातच एका गृहस्थाने हे पाहिले होते. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय हे त्यांचे कार्य. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ चा. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत आणि घरचा व्यवसाय चष्म्यांचा. संस्थानिकाचा खजिना नाही, सरकारी पद नाही. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला आरंभ केला आणि पुढची साठ-सत्तर वर्षे देशभर हिंडून तो चालू ठेवला. त्यांचा मुलगा राजा हा वयाच्या सातव्या वर्षी गेला. त्या दुःखातून सावरताना त्यांनी आपला सारा संग्रह त्या मुलाच्या नावाने ओळखला जावा असे ठरविले. पत्नी कमलाबाई यांची साथ या कार्यात त्यांना अखेरपर्यंत लाभली. १९७५ साली केळकर यांनी हा संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९० मध्ये ते निवर्तले.

या संग्रहात काय आहे? दिवे आहेत, अडकित्ते आहेत, दौती आहेत, पाय घासण्याच्या वज्र्या आहेत, कुलुपे आहेत, स्वयंपाकाची भांडी आहेत, कोरीव दरवाजे आणि खिडक्या आहेत, वस्त्रे, चित्रे, खेळणी आणि वाद्ये आहेत. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून त्यांची पुन्हा उभारणीही तेथे केलेली आहे. एकूण वस्तू वीस हजारांच्या घरात असून त्यांपैकी सुमारे अडीच हजारच एका वेळी मांडता येतात. म्हणजे आठांतील एक वस्तू प्रेक्षकाला दिसते आणि सात कोठारात राहतात. जागा हा संग्रहालयाचा सर्वांत मोठा खर्च असतो, हे या एका आकड्यावरून कळते.

केळकरांच्या कार्यातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, त्यांनी रत्ने जमविली नाहीत, वापरातील वस्तू जमविल्या. अडकित्ता हा सुपारी कातरण्याचे साधन; पण त्याला मोराचा आकार देणारा कारागीर आणि तो मोर पाहून संतोष पावणारा गृहस्थ, असे दोघेही त्या वस्तूत हजर असतात. दुसरी गोष्ट अशी की, त्यांनी जे जमविले ते बहुधा दुसऱ्याने टाकून दिलेले होते. लोकांच्या दृष्टीने ज्या वस्तूची किंमत तिच्या वजनाइतकीच होती, तिची खरी किंमत त्यांना दिसली. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जन्मभर जमविलेला संग्रह त्यांनी स्वतःच्या हयातीत समाजाला देऊन टाकला. संग्रह आणि त्याग हे परस्परविरोधी मानले जातात. येथे एकाची परिणती दुसऱ्यात झाली.

एकट्या व्यक्तीला जे जमते ते संस्थांना जमत नाही, असा एक समज असतो. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने तो खोटा ठरविला. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील या संग्रहालयाची इमारत १८७२ साली लोकांसाठी खुली झाली. उद्योग आणि उपयोजित कला हाच त्याचा मूळ विषय, सर ज. जी. कलाशाळेतील कुंभारकामाचे नमुने आणि मातीच्या लहान लहान प्रतिमा तेथे आहेत. शतकभरानंतर या वास्तूला अवकळा आली होती. २००३ साली मुंबई महानगरपालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि इन्टॅक ही वारसासंस्था असा त्रिपक्षीय करार झाला. जीर्णोद्धार झाला, २००५ साली त्या कामाला युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा सर्वोच्च सन्मान मिळाला आणि २००८ साली संग्रहालय पुन्हा उघडले. नगरपालिकेची मालकी, दानशूर संस्थेचा पैसा आणि जाणकारांचे ज्ञान या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय घडते, याचा हा धडा आहे.

आता वऱ्हाडकडे वळावे. वऱ्हाडची समृद्धी कापसाची. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेतील यादवी युद्धाने तेथील कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८७० साली खामगावला खास कापसासाठी रेल्वेचा फाटा आला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उपस्थित राहिले. या व्यापारातून अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा, अचलपूर अशा ठिकाणी पैसा आला आणि पैशाने वाडे उभे केले. वाड्यांना लागणारा साग मेळघाटच्या जंगलातून येई. परतवाड्याची सागवानी लाकडाची बाजारपेठ आजही सर्वदूर प्रसिद्ध आहे. म्हणजे वऱ्हाडातील कोरीव दार हे एका अर्थी कापूस आणि साग यांच्या भेटीतून जन्मलेले अपत्य होय. अकोट-बाळापूरकडच्या सुती सतरंज्याही याच कापसाच्या. उभ्या-आडव्या धाग्यांतून काढलेले त्यांचे पट्टे साधे दिसतात, पण कोणता रंग किती बोटे रुंद घ्यावा याचा हिशेब विणकराच्या डोक्यात पक्का असतो.

परंतु प्रदर्शन केवळ वाड्यांचे भरविले तर ते अर्धेच होईल. ज्या मेळघाटातून साग आला, तेथे कोरकू समाज राहतो. कोरकूंमध्ये दिवंगतांच्या स्मरणार्थ सागवानी फळी कोरून ती विधिपूर्वक उभारण्याची प्रथा आहे. या फळीवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेले असतात. सिडोली या विधीत गाणे असते, नाच असतो आणि त्याच्या केंद्रस्थानी ही कोरीव फळी असते. लाकूडकाम, चित्र आणि संगीत यांचा इतका एकजीव संगम क्वचितच आढळेल. याच मेळघाटात लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्याने संपूर्ण बांबू केंद्र उभे केले. बांबूपासून आसने, घरे आणि राख्यांपर्यंत अनेक वस्तू तेथील कारागिरांनी घडविल्या. सुनील देशपांडे यांचे २०२१ साली निधन झाले. पण ज्या हाताला रोजगार नाही त्याच्यातील कला टिकत नाही, हा त्यांच्या कार्याचा अर्थ विसरता येणार नाही.

मातीविषयी बोलायचे तर वऱ्हाडने महाराष्ट्राला मातीच्या भांड्यावरूनच नाव पडलेला संत दिला. १८७६ साली शेंडगाव येथे जन्मलेले डेबूजी हे पुढे गाडगेबाबा झाले, ते डोक्यावरच्या गाडग्यामुळे. तेच त्यांचे ताट, तेच पाण्याचे पात्र आणि तेच शिरस्त्राण. हातात खराटा, अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि डोक्यावर फुटके गाडगे. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे इतरांसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या या पुरुषाने स्वतःसाठी एक मातीचे भांडे पुरेसे मानले. ईम्स दांपत्याने लोट्याविषयी जे प्रश्न विचारले, त्यांना गाडगेबाबांचे आयुष्य हेच उत्तर आहे. वस्तू किती असाव्यात आणि एका वस्तूने किती कामे करावीत, याचा इतका परिपूर्ण नमुना कोणत्या दालनात सापडणार? १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

वऱ्हाडचा माठ हाही अभ्यासाचा विषय आहे. कुंभार मातीत राख आणि लीद मिसळतो; भट्टीत ती जळून जाते आणि मातीत सूक्ष्म छिद्रे राहतात. त्या छिद्रांतून पाझरलेले पाणी वाऱ्याने उडते आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी तितके पाणी अधिक गार. म्हणून अकोल्याच्या वैशाखात माठ जे काम करतो ते कोकणच्या दमट हवेत त्याला साधत नाही. त्याला वीज लागत नाही आणि फुटला तर तो पुन्हा मातीला मिळतो. भाद्रपद-आश्विनात मुली मातीच्या भुलाबाई-भुलोजींपुढे फेर धरून गाणी म्हणतात आणि कोजागरीला त्याची सांगता होते. खिरापत ओळखण्याचा खेळ त्यात असतो. मूर्ती, गाणे आणि खाऊ असा हा लेकींचा उत्सव म्हणजे वऱ्हाडचे सर्वांत जुने आणि सर्वांत आनंदी प्रदर्शन म्हणावे लागेल. पोळ्याला घरोघरी येणारी मातीच्या बैलांची जोडी हीदेखील याच पंक्तीतली.

संगीताच्या बाबतीत वऱ्हाडची खूण आहे खंजिरी. यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी या लहानशा वाद्याला देशभर प्रतिष्ठा दिली. लाकडी कडे, त्यावर एका बाजूने ताणलेले कातडे आणि कड्यात बसविलेल्या धातूच्या चकत्या, एवढीच तिची रचना. पावसाळी हवेत कातडे सैल पडते. मग शेकोटीजवळ धरून ते पुन्हा ताणून घ्यावे लागते. सुतार, चर्मकार आणि कासार या तिघांचे हुनर एका हातात मावेल एवढ्या वस्तूत उतरले आहे. आणि ती वाजते तेव्हा हजारो माणसे एका लयीत बसतात. मोझरीच्या गुरुकुंजातून निघालेला हा नाद १९६८ साली महाराजांच्या निधनानंतरही गावोगावच्या भजनमंडळांतून चालू आहे. अकोल्यात श्रावणातील शेवटच्या सोमवारी गांधीग्राम येथून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराकडे कावडी निघतात, तेव्हा सजविलेली भांडी, बांबू, खांदे आणि ढोल यांची एक चालती-बोलती आरासच रस्त्याने जात असते.

आता दुसरा प्रश्न. हे सर्व शिल्लक राहील काय? त्याचे उत्तर भावनेने न देता हिशेबाने द्यावे. वाडा भावाभावांत वाटला जातो. एका भागात पाणी गळते, दुसऱ्या भागाला भाडेकरू नको असतो आणि एक दिवस वाडा पाडायचे ठरते. त्या दिवशी दाराचा भाव लाकडाच्या घनफुटावर ठरतो. तेच दार महानगरातील जुन्या वस्तूंच्या दुकानात पोहोचते तेव्हा भाव नक्षीवर ठरतो. या दोन भावांतील फरक हा वऱ्हाडच्या अज्ञानाचा दंड आहे, आणि तो दर वेळी नव्याने भरला जातो. भांड्यांचे तसेच. पितळी घंगाळ मोडीत जाते आणि त्याच्या बदल्यात स्टीलची बादली येते. मोडीच्या काट्यावर वजन दिसते, हात दिसत नाही.

येथे कायद्याची माहितीही असावी. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार, जो १९७६ पासून अमलात आला, शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरू शकते आणि हस्तलिखितांच्या बाबतीत ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशा वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाहीत. जुने पेटारे उघडण्याआधी घरातील वडीलधाऱ्यांनी आणि तरुणांनी एवढे तरी जाणून घेतले पाहिजे.

आणि उघडलेल्या पेटाऱ्यातून काय निघू शकते याचे उदाहरण याच भूमीत आहे. कारंजा येथील मंदिरांच्या ग्रंथभांडारांत शतकानुशतके हस्तलिखिते बांधून ठेवलेली होती. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली आणि त्या बासनांतील धन विद्वानांना दिसले. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी कारंजा ग्रंथमालेतून अपभ्रंश भाषेतील काव्ये संपादित करून प्रकाशात आणली, आणि १९३९ पासून षट्खंडागमाच्या धवला टीकेचे प्रकाशनही अमरावतीहून सुरू झाले. ते सोळा खंडांत पूर्ण झाले. पोथी जपणाऱ्यांची भक्ती मोठी होतीच, पण तिची यादी झाली, ती वाचली गेली आणि छापली गेली तेव्हाच ती सर्वांची झाली. जपणे आणि उघडणे या दोन्ही क्रिया मिळूनच वारसा पूर्ण होतो. जे पोथीबाबत खरे, तेच दार, माठ आणि खंजिरीबाबत खरे आहे.

वऱ्हाडला प्रदर्शन भरविण्याचा अनुभव नाही असेही नाही. पापळ या अमरावती जिल्ह्यातील गावी जन्मलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी केंद्रीय कृषिमंत्री असताना भारत कृषक समाजाच्या वतीने दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरविले. डिसेंबर १९५९ मध्ये झालेल्या त्याच्या उद्घाटनप्रसंगी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर उपस्थित होते. वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या मुलाने जगाला दिल्लीत आणले, तर अमरावती आणि अकोल्याने आपल्याच वस्तू आपल्याच नगरात मांडू नयेत असे कोणते कारण आहे?

असे प्रदर्शन भरवायचे ठरले तर काही गोष्टींचे भान ठेवावे लागेल. व्यापाराची शिस्त येथे उपयोगी पडेल. प्रत्येक वस्तूची नोंद वहीत व्हावी : कोणाची, कोठून आली, किती जुनी, स्थिती कशी. वस्तू उसनी घेतली तर पावती द्यावी, छायाचित्र काढावे, विमा उतरवावा आणि ठरल्या दिवशी ती परत करावी. एक वस्तू हरवली तर पुढची दहा घरे आपले पेटारे उघडणार नाहीत. वस्तू देणाऱ्याला नावाची इच्छा नसेल तर तिचाही मान राखावा. आणि कोरकूंच्या स्मृतिफळीसारखी वस्तू उचलून आणू नये. ती दिवंगताची आहे, तिचे छायाचित्र पुरे.

दुसरे भान कारागिराचे. जुन्या दारांवर घरमालकाचे नाव व साल कोरलेले आढळते. सुताराचे नाव शोधूनही मिळत नाही. ज्या कुंभाराने रांजण घडविला, ज्याने खंजिरीचे कातडे कमावले, त्याला त्या वाड्याच्या बैठकीवर जागा नव्हती. हा इतिहास प्रदर्शनाच्या झगमगाटात झाकून चालणार नाही. म्हणून वस्तूखालच्या पाटीवर मालकाआधी कारागिराचे, निदान त्याच्या गावाचे आणि कामाचे नाव असावे. कुंभाराने चाकासह दालनात बसावे, पण दिवसाच्या पूर्ण मोबदल्यावर. करमणूक म्हणून नव्हे, तर जाणकार म्हणून. प्रेक्षक त्याला प्रश्न विचारतील आणि त्याची उत्तरे ऐकून त्याच्या मुलाला बापाच्या विद्येची किंमत कळेल. पन्नास पाट्या लिहिण्यापेक्षा या एका गोष्टीने अधिक साधेल.

तिसरे भान जिवंतपणाचे. काचेच्या पेटीत ठेवलेली खंजिरी ही वस्तू असते, वाद्य नसते. संध्याकाळी भजनमंडळाने ती हातात घेतली पाहिजे, शाळेतील मुलींनी भुलाबाईची गाणी म्हटली पाहिजेत आणि दारात ठेवलेल्या माठातले पाणी आलेल्या प्रत्येकाने प्यायले पाहिजे. घडवंचीवर हात फिरविण्याची लहान मुलांना मुभा असावी. जे हाताला कळते ते पाटी वाचून कळत नाही. आणि प्रदर्शन संपल्यावर एक यादी तरी दोन्ही नगरांच्या ग्रंथालयांत कायम राहावी, म्हणजे पुढची पिढी शून्यापासून आरंभ करणार नाही.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ पासून उभे आहे. ते विदर्भाचे भूषण होय. परंतु अकोल्याचा शाळकरी मुलगा किंवा दर्यापूरची गृहिणी तेथवर वरचेवर जाऊ शकत नाही. त्यांच्या घरातच जे होते, तेच त्यांना पुन्हा दाखवावे लागेल. त्यासाठी मोठी इमारत आधी लागत नाही. एक सभागृह, चार जाणती माणसे, एक नोंदवही आणि सात दिवस एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. केळकरांनीही आरंभ एका वस्तूपासूनच केला होता.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात माळ्यावर, कोठीत किंवा परसात एखादी वस्तू पडून असेल : तडा गेलेला रांजण, एका पायाची घडवंची, आजीच्या हातचा अडकित्ता. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत ती मोडीवाल्याच्या काट्यावर ठेवण्यापूर्वी घरातील वडिलांना एवढेच विचारावे की ही कोणी केली, कोठे केली आणि कशासाठी वापरली. जे उत्तर मिळेल ते त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावे. वऱ्हाडच्या प्रदर्शनाची पहिली नोंद तीच असेल.